टीव्ही घेण्याआधी भिंतीमागे पाहा

सिडनीच्या स्कोफिल्ड्समध्ये नवं घर बांधून राहायला आलेल्या मराठी कुटुंबात वास्तुशांत आणि मोठा टीव्ही या दोन गोष्टी सहसा पाठोपाठ होतात. कुठला टीव्ही घ्यायचा यावर घरात भरपूर चर्चा झालेली असते. पण ती चर्चा इंचांची, कंपनीची आणि बॉक्सिंग डेच्या सवलतीची. छतावर अँटेना आहे का, भिंतीतलं सॉकेट कुठल्या प्रकारचं आहे, भारतातून आणलेलं होम थिएटर त्याला जोडता येईल का, हे प्रश्न टीव्ही भिंतीवर चढल्यानंतर निघतात.

मी तंत्रज्ञ नाही. पण आमच्या घरी हे सगळं एकदा निस्तरावं लागलं. त्यासाठी बरंच वाचलं, जाणकारांना विचारलं, आणि तेव्हापासून टॅलावाँग, द पाँड्स, रिव्हरस्टोनपर्यंतच्या ओळखीच्या घरांतून "ताई, जरा येऊन बघता का?" असे फोन येतात. मी जाते, कारण त्या फोनमागे बहुतेक वेळा घरातली वडीलधारी माणसं असतात. सांगलीहून, नाशिकहून काही महिन्यांसाठी आलेले आईवडील. मुलगा-सून सकाळी ट्रेनने किंवा मेट्रोने कामाला जातात, नातवंडं शाळेत. रस्त्यावर भाजीवाला नाही, शेजारचं दार उघडं नाही. त्या प्रशस्त घरात दिवसभर सोबत असते ती टीव्हीची. तो बंद पडला तर ऑफिसात फोन करून त्रास द्यायचा नाही म्हणून ही माणसं संध्याकाळपर्यंत नुसती बसून राहतात. हे मी पाहिलं आहे, आणि म्हणूनच हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

सर्वात जास्त वेळा दिसणारा घोटाळा आधी सांगते. भारताचा २०२४-२५ चा ऑस्ट्रेलिया दौरा चालू होता. नुकतंच आलेलं एक जोडपं. पैसे जपून वापरायचे म्हणून त्यांनी जुना, मोठा प्लाझ्मा टीव्ही कुणाकडून तरी विकत घेतला होता. बातम्या दिसत होत्या, मुलांचे कार्यक्रम दिसत होते. कसोटी सुरू झाली तेव्हा सेव्हन या फुकट वाहिनीसमूहाची एचडी वाहिनी लावली, तर पडदा काळा आणि कॉमेंट्री मात्र खणखणीत. विकणाऱ्याने फसवलं असं वाटून मुलगा चिडला होता. त्याचे वडील शांतपणे म्हणाले, "अरे, आवाज येतोय ना? मग टीव्ही बिघडलेला नाही."

काकांचं अगदी बरोबर होतं. ऑस्ट्रेलियात मोठ्या शहरांतलं डिजिटल प्रक्षेपण १ जानेवारी २००१ पासून सुरू झालं. तेव्हा चित्र आकुंचित करून पाठवायची पद्धत होती एमपेग-२. एका वाहिनीसमूहाला सात मेगाहर्ट्‌झचा पट्टा मिळतो आणि त्यात सेकंदाला साधारण तेवीस मेगाबिट मावतात. एवढ्यात जुन्या पद्धतीने एक एचडी वाहिनी बसवली की बाकीच्यांना फारशी जागा उरत नाही. नंतर आलेल्या एमपेग-४ला त्याच चित्रासाठी जवळपास निम्मी जागा पुरते. म्हणून २०१५च्या अखेरीला नाईनने आपली एचडी वाहिनी एमपेग-४मध्ये आणली, डिसेंबर २०१६मध्ये एबीसीने तेच केलं, बाकीच्याही त्याच वाटेने गेल्या. आवाज ज्या पद्धतीने येतो ती जुन्या टीव्हीला कळते, चित्राची पद्धत कळत नाही. त्यामुळे टीव्हीवर डिजिटल असं लिहिलेलं आहे, एचडी असंही लिहिलेलं आहे, आणि तरीही पडदा काळा. जुन्या काळातल्या 'एचडी रेडी' या पाटीचा अर्थ तर आणखी वेगळा होता: पडदा एचडी दाखवू शकतो, पण आत एचडी ट्यूनर असेलच असं नाही.

तेव्हा जुना टीव्ही घेणार असाल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन तो चालू करायला सांगा आणि २०, ७०, ९० या क्रमांकांवर चित्र येतं का ते डोळ्यांनी पाहा. अनुक्रमे एबीसी, सेव्हन आणि नाईनच्या या एचडी वाहिन्या. चित्र नसेल तर टीव्ही टाकून द्यायची गरज नाही. एमपेग-४ समजणारा एचडी सेट टॉप बॉक्स एचडीएमआयने जोडला की काम होतं. त्या घरी आम्ही तेवढंच केलं.

आता अँटेना. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला हा शब्दच जुना वाटतो. मुंबईत केबलचं डिजिटायझेशन २०१२च्या ऑक्टोबरअखेर झालं, पुणे-नागपूर-नाशिकचं पुढच्या मार्चअखेर, आणि त्याच्याही कितीतरी आधी गच्चीवरचे काटे गेले होते. इथे मात्र फुकट दिसणाऱ्या वाहिन्या बहुतेक घरांत अजून छतावरच्या अँटेनातूनच येतात. सिडनीतलं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण ३ डिसेंबर २०१३ रोजी बंद झालं, त्यानंतर वाहिन्यांची फेरमांडणी झाली आणि शहराच्या मुख्य वाहिन्या व्हीएचएफ पट्ट्यात, सहा ते बारा या क्रमांकांच्या दरम्यान आल्या. त्यांचे मनोरे आर्टारमन-विलोबीच्या बाजूला, म्हणजे आपल्यापासून पूर्वेला जेमतेम तीसेक किलोमीटरवर आहेत. एवढ्या अंतरावर चांगल्या छतावरच्या अँटेनाला काही अडचण येत नाही. अडचण येते ती खिडकीत ठेवायच्या स्वस्त, चपट्या अँटेनाची. त्यांतले पुष्कळसे यूएचएफसाठी बनवलेले असतात, आणि सिडनीचे मुख्य सिग्नल त्यांना धड पकडता येत नाहीत. डिजिटल चित्र पूर्वीसारखं मुंग्यामुंग्यांचं होत नाही. ते एक तर स्वच्छ येतं, नाहीतर चौकोनी तुकडे होऊन थांबतं. त्यामुळे सिग्नल काठावर आहे हे कळतच नाही, आणि वादळ झालं की घरातले लोक टीव्हीला दोष देतात. काकाकुवे केबल कुरतडतात, हीसुद्धा इथली नेहमीची गोष्ट आहे.

घर बांधताना करारात टीव्ही पॉइंट लिहिलेला असतो. पॉइंट म्हणजे भिंतीतलं सॉकेट आणि छतापर्यंतची केबल. अँटेना त्यात धरलेला असतो असं नाही. काही नव्या वसाहतींत वाहिन्या फायबरवरूनच घरात येतात आणि छतावर अँटेना लावायला वसाहतीच्या नियमात मनाई असते. तुमच्या घराला यातलं काय लागू आहे, हे बिल्डरकडून ईमेलवर लेखी घ्या.

आणि ते सॉकेट नीट बघा. नव्या घरांत भिंतीवर बहुधा आटे असलेलं, फिरवून बसवायचं एफ-टाइप सॉकेट असतं. टीव्हीच्या पाठीमागे मात्र नुसतं दाबून बसवायचं, जुन्या धाटणीचं. दोन्ही टोकांना एकसारखी पिन असलेली केबल घरी आणली तर ती एका बाजूला बसतच नाही. एका घरी ती जोर लावून कोंबली होती. मधली तांब्याची तार वाकून कडेला टेकली होती आणि निम्म्या वाहिन्या गायब झाल्या होत्या. दुकानात जाताना दोन्ही टोकांचे फोटो घेऊन जा. काही डॉलरची केबल आहे, पण तिच्यापायी लोकांनी टीव्ही परत केलेले मला माहीत आहेत.

आमच्या घराचं दुखणं वेगळं होतं. बांधकामाच्या वेळी ज्याच्याकडे हे काम होतं त्याने खालच्या कपाटातून वरच्या टीव्हीपर्यंत दहा मीटरची साधी एचडीएमआय केबल भिंतीत टाकून दिली, नळीशिवाय, थेट लाकडी चौकटीला खिळवून. वर जिप्रॉक लागलं, रंग झाला. पूर्ण एचडी चित्र ठीक यायचं. फोर-केचा बॉक्स आला आणि दर काही मिनिटांनी पडदा एक क्षण काळा व्हायला लागला. सासूबाईंना वाटे की त्यांच्या हातून रिमोटचं काहीतरी चुकतंय. त्या रिमोटला हात लावेनाशा झाल्या. खरं कारण केबलमध्ये होतं. सेकंदाला साठ चित्रांच्या फोर-केसाठी अठरा गिगाबिटपर्यंतचा मार्ग लागतो, आणि साध्या तांब्याच्या केबलला एवढ्या लांबीवर ते झेपत नाही. बदलायची तर ती ओढता येईना, कारण खिळे ठोकलेले. शेवटी भिंत फोडावी लागली.

म्हणून घर अजून चौकटीच्या अवस्थेत असेल तर एवढं एकच काम आग्रहाने करून घ्या: टीव्हीच्या जागेपासून खालच्या कपाटापर्यंत एक रुंद, गुळगुळीत नळी आणि तिच्यात ओढायची दोरी. एचडीएमआयचं डोकं मोठं असतं, अरुंद नळीतून ते जात नाही. टीव्ही टांगायच्या जागी चौकटीत आडवं लाकूड घालून घ्या, आणि टीव्हीमागे एक नेटवर्क पॉइंटही मागा. एनबीएन इंटरनेटचा डबा नव्या घरांत बहुतेक गॅरेजमध्ये असतो, आणि तिथून बैठकीपर्यंत वाय-फाय पोचतं तेव्हा अर्धमेलं झालेलं असतं. विजेचा पॉइंट परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच, आणि नेटवर्कची केबल नोंदणीकृत केबलरकडूनच. ओळखीतला कुणी "मी करून देतो वहिनी" म्हणाला तरी नाही म्हणा.

जुनी साउंड सिस्टीम ठेवायची असेल तर तिच्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. फोर-केच्या चित्राला एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप असतं. बॉक्स, मधला अ‍ॅम्प्लिफायर आणि टीव्ही या तिघांकडेही त्याची किल्ली लागते. अ‍ॅम्प्लिफायर जुना असेल तर एक तर पडदा काळा राहतो, नाहीतर चित्र खालच्या दर्जाचं येतं. उपाय सोपा आहे: बॉक्स थेट टीव्हीला जोडा, आणि टीव्हीचा आवाज एआरसी लिहिलेल्या एचडीएमआयमधून किंवा ऑप्टिकल केबलने अ‍ॅम्प्लिफायरकडे परत पाठवा. पुष्कळ टीव्हींवर एआरसी एकाच खाचेला असतं, तेव्हा खाचेवरची बारीक अक्षरं वाचा. लग्नाचा व्हिडिओ जुन्या हँडीकॅममध्ये असेल तर लाल-पांढऱ्या-पिवळ्या खाचा नव्या टीव्हीवर आहेत का तेही पाहा. बऱ्याच मॉडेलांवर त्या आता नसतात.

भारतातून सामान आणणाऱ्यांनी टीव्ही आणावा का? वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ, म्हणजे टीव्ही चालेल. पण ट्यूनर इथल्या डीव्हीबी-टी पद्धतीचा आहे का हे मॉडेलगणिक बदलतं. एबीसी आयव्ह्यू किंवा एसबीएस ऑन डिमांडसारखी इथली अ‍ॅप्स भारतीय संचावर मिळतीलच असं नाही. आणि वॉरंटी सहसा घेतलेल्या देशापुरतीच असते. आणू नका, असंच मी सांगते. आणलाच असेल तर प्रवासातला अ‍ॅडॅप्टर कायमचा लावून ठेवू नका, आरसीएम खूण असलेली इथली वायर घ्या. अमेरिकेहून आलेल्यांचा प्रश्न याहून कठीण आहे. तिथला ट्यूनर एटीएससी पद्धतीचा असतो आणि इथे एकही वाहिनी पकडत नाही. भारतातला डीटीएचचा डबा तर आणूच नये. त्याच्या उपग्रहाचा झोत भारतावर रोखलेला असतो, सिडनीवर नाही.

मराठी मालिकांसाठी लोक आपल्यातच विकल्या जाणाऱ्या "सगळे चॅनल, वर्षाचे एकदाच पैसे" अशा डब्यांकडे वळतात. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. हे प्रक्षेपण हक्क न घेता चालतं. २०१८मध्ये हाँगकाँगच्या टीव्हीबी कंपनीच्या अर्जावर इथल्या फेडरल कोर्टाने अशाच डब्यांचे सर्व्हर अडवण्याचा आदेश दिला होता. डबा बंद पडला की पैसे गेले आणि विकणाऱ्याचा फोन लागत नाही. झी५ इथे रीतसर मिळतं, यपटीव्हीही मिळतं. भारतात रात्री आठला लागणारी मालिका सिडनीत हिवाळ्यात साडेबाराला आणि उन्हाळ्यात दीडला लागते, त्यामुळे आईला थेट प्रक्षेपणाचा तसाही उपयोग नाही; दुसऱ्या दिवशी दुपारी हवा तो भाग लावता आला की झालं. क्रिकेटचंही बघून घ्या. इथल्या उन्हाळी कसोट्या २०१८पासून सेव्हन आणि फॉक्सटेलकडे आहेत, आयसीसीच्या स्पर्धा २०२४ ते २०२७ प्राइम व्हिडिओकडे. जुन्या स्मार्ट टीव्हीवर यातलं एखादं अ‍ॅप चालेनासं झालं तर टीव्ही बदलू नका, एचडीएमआयमध्ये लावायची स्ट्रीमिंग स्टिक घ्या.

दुकानात गेल्यावर आपल्याला काय करायचं आहे ते विक्रेत्याला सांगा आणि बिलावर लिहून घ्या: "अमुक मॉडेलच्या साउंडबारला जोडायचा आहे", "अमुक अ‍ॅप चालायला हवं". ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉ १ जानेवारी २०११ पासून लागू आहे. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या किंवा विक्रेत्याने मान्य केलेल्या कामासाठी वस्तू योग्य असली पाहिजे, ही हमी त्यात आहे, आणि "परत घेत नाही" या पाटीने ती रद्द होत नाही. दुकान ऐकत नसेल तर एनएसडब्ल्यू फेअर ट्रेडिंगकडे तक्रार करता येते. आपली माणसं इथेच कच खातात. परदेशात उगाच वाद नको म्हणून गप्प बसतात. तो वाद नाही, आपला हक्क आहे. जादा पैशांची वाढीव वॉरंटी घेण्याआधी या हमीत काय काय येतं ते वाचा.

नवा संच चालू झाला की जुना रस्त्याकडेला ठेवू नका. २०११पासूनच्या राष्ट्रीय पुनर्वापर योजनेत टीव्ही आणि कॉम्प्युटर ठरलेल्या केंद्रांवर घरगुती ग्राहकांकडून फुकट घेतात. जवळचं केंद्र कुठलं, ते ब्लॅकटाउन कौन्सिलला विचारा. स्मार्ट टीव्ही देताना त्यातली सगळी खाती आधी बंद करा आणि तो कारखान्याच्या मूळ सेटिंगवर आणा, कारण त्यात तुमचं ईमेल खातं आणि काही अ‍ॅप्समध्ये पैसे भरायचं कार्डही जोडलेलं असतं.