चासी जाड हवी की ताठ?

प्रश्न : वसमतला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ट्रॉल्या, गेट, हळद शिजवायचे कुकर बनवतो. दोघंजण बसतील अशी बुटकी स्पोर्ट्‌स कार स्वतः करायचं डोक्यात आहे. ट्रॉलीसारखं जाड चॅनल वापरून चासी केली तर जमेल ना?
— एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : तुमची चासी मोडणार नाही, पण पिळवटेल. आणि स्पोर्ट्‌स कारचा घात मोडण्यापेक्षा पिळवटण्यानेच होतो.

दोन लांब चॅनल आणि मध्ये आडवे तुकडे म्हणजे आडवी ठेवलेली शिडी. एक चाक खड्ड्यात गेलं की ती ओल्या फडक्यासारखी पीळ खाते. ट्रॉलीत ते खपतं. कारमध्ये मात्र सस्पेन्शन ज्या जागी बोल्ट केलंय ती जागा हलता कामा नये. ती हलली तर चासी स्वतःच स्प्रिंग होते, आणि या स्प्रिंगला शॉकअप नसतो.

यावरचा उपाय तुमच्याच दुकानात आहे. गेटला तिरपी पट्टी का मारता? चार तुकड्यांची चौकट कोपऱ्यात दाबली की शंकरपाळ्यासारखी तिरकी होते. कर्णावर पट्टी बसली की गप्प. हेच त्रिकोण खाली, वर आणि बाजूंनी जोडले की हलकी, ताठ जाळी तयार होते. कॉलिन चॅपमन यांची १९५७ची लोटस सेव्हन अशाच बारीक पाइपांवर उभी राहिली. घरी अशी गाडी करणारे हौशी लोक साधारण २५ मिमीचा, १६ गेजचा चौकोनी पाइप वापरतात. आपल्याकडे अलिबागच्या चिंकारा मोटर्सने त्याच वळणाची रोडस्टर बनवली, इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसवून. अडचण येते ती बसायच्या जागेत, कारण तिथे तिरपा पाइप घालता येत नाही. म्हणून दोन सीटांमधला बोगदा आणि दोन्ही बाजू उंच ठेवायच्या.

पुढच्या प्रत्येक चाकाला दोन हात द्या : वरचा आखूड, खालचा लांब. वळणावर गाडी बाहेर कलते. दोन्ही हात सारखे असतील तर बाहेरचं चाकही तिच्याबरोबर कलतं आणि टायर कडेवर चालतो. वरचा आखूड असला की तो चाकाचं डोकं आत ओढून धरतो. स्प्रिंगचा हिशेबही फसवा असतो. ती हाताच्या बरोबर मध्यावर लावली, तर चाकाला तिचा ताठपणा निम्मा नाही, चौथा हिस्साच मिळतो.

जोडणी सपाट टेबलावर करा. आधी सगळीकडे नुसते टाके मारा, दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे भरले की मगच पक्कं वेल्डिंग. तेही थोडं इकडे, थोडं समोरच्या बाजूला. एकाच कडेने गेलात तर उष्णतेने सगळा सांगाडा ओढला जाईल.

आता कायदा. नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासून घ्यावा लागतो. त्याशिवाय एमएच ३८ची पाटी मिळणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या एका कारागिराने भंगारातून जीप केली तेव्हा आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण ती नियमांत बसत नाही हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. तेव्हा तुमची गाडी खासगी आवारातच फिरवा. कॉलेजात शिकणारा मुलगा-पुतण्या असेल तर त्याला बाहा एसएईसारख्या स्पर्धेची वाट दाखवा.

इंजिन शोधायची घाई नको. आधी पातळ तारेचा हातभर सांगाडा डाख देऊन करा आणि दोन्ही टोकं धरून पिळून बघा. जिथे हलेल तिथे तिरपा तुकडा लावा. तुमच्या मनगटाने हार मानली, की पाइप कापायला घ्या.