सामायिक खेळाचे अंगण आणि त्याचा राखणदार

संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांना एक सामायिक जागा लागते. ही जागा ज्या संगणकावर नांदते त्यास सर्व्हर असे म्हणतात. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठाच्या रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा असा एक आरंभीचा खेळ रचावयास घेतला. आज शिरपूर वा चोपड्याचा मुलगाही अशा जागी अनोळखी सोबत्यांबरोबर सहज खेळू शकतो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला. परंतु पैशाविना चालणाऱ्या खेळात सोबत्यांनी एकमेकांशी कसे वागावे, हा प्रश्न निराळा आहे. बोलण्यातील अहिराणी वळणाची टिंगल झाली, किंवा मुलीचा आवाज ओळखताच कोणी अचकटविचकट बोलले, तर ते मूल बहुधा तक्रार करीत नाही. ते मुकाट्याने निघून जाते, आणि कोणी गेले हे उरलेल्यांच्या ध्यानातही येत नाही.

‘माइनक्राफ्ट’सारख्या खेळाचा सर्व्हर कोणालाही स्वतः चालविता येतो. आत कोणास घ्यावे, कोणास काढावे, आपल्या वतीने देखरेख कोणी करावी, हे सारे चालकाच्या हाती असते. मागील संभाषणाची नोंदही त्यास पाहता येते. एखाद्या सरपंचास हेवा वाटावा असे हे अधिकार होत! साहजिकच सर्व्हरला जो स्वभाव येतो तो बव्हंशी चालकाच्या वागण्यातून येतो.

या संदर्भात खानदेशातीलच एक उदाहरण आठवते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची व्यवस्थाही त्यांनी पाहिली. घरापासून दूर आलेली मुले तेथे एकत्र राहत. गुरुजी त्यांच्या खोल्या स्वतः झाडीत, अस्ताव्यस्त कपड्यांच्या घड्या घालून ठेवीत आणि आजारी मुलाच्या उशाशी बसत. मुलांसाठी ते हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ही काढीत. अव्यवस्थितपणाबद्दल दंड करण्याचा अधिकार त्यांना असणारच. त्यांनी केरसुणी हाती घेतली. चालक रोज आपल्यात वावरतो, हे मुलांना दिसत होते.

अगदी वेगळ्या देशात व काळात हेच सूत्र पुन्हा दिसते. कॅनडातील स्टुअर्ट डंकन यांनी २०१३ मध्ये स्वमग्न मुलांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘ऑटक्राफ्ट’ हा माइनक्राफ्टचा सर्व्हर सुरू केला. सार्वजनिक सर्व्हरवर अशा मुलांचा छळ होत असल्याचे अनेक पालकांनी त्यांना कळविले होते. येथे अर्ज करून नाव नोंदविल्याखेरीज प्रवेश नाही. मात्र केवळ दाराशी पहारा ठेवून डंकन थांबले नाहीत. कोणी दुसऱ्यास मदत करताना आढळला तर त्याचे जाहीर कौतुक करण्याची प्रथा त्यांनी पाडली. एरवी बहुतेक ठिकाणी देखरेख करणाऱ्याचे लक्ष गुन्हेगाराकडेच असते; सभ्य मुलाची नोंद कोणी घेत नाही.

नियम लागतातच, परंतु ते थोडे आणि मुलांना कळतील अशा मराठीत असावेत. ‘सभ्यतेने वागा’ या वाक्याने काही साधत नाही. ‘कोणाच्या जातीवरून, गावावरून, बोलीवरून बोलू नये’ हे वाक्य उपयोगी पडते. शिक्षा करताना कारण व मुदत सांगावी आणि ते चारचौघांत सांगू नये. चालकाच्या मित्राने शिवी दिली असता काय होते, याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. तेथे एकदा सूट दिली की नियमावलीस कोणी विचारीत नाही. नवख्या मुलाची पहिली दहा मिनिटे तर फारच महत्त्वाची. त्याने बांधलेली भिंत कोणी गंमत म्हणून पाडली, की तो पुन्हा येत नाही. जुन्यांपैकी एकाने त्यास नावाने हाक मारून बरोबर घ्यावे, एवढी योजना पुरेशी असते.

जळगाव वा धुळे जिल्ह्यातील ज्या शाळांत संगणककक्ष आहे, तेथे ओळखीच्या वीस-पंचवीस मुलांपुरता असा सर्व्हर चालविणे अवघड नाही. त्याची व्यवस्था पाहणाऱ्या शिक्षकाने आठवड्यातून दोनदा तरी स्वतः मुलांबरोबर खेळावे. खेळता येत नसेल तर एखाद्या सातवीच्या मुलाकडून शिकून घ्यावे.