गलाईवाल्यांच्या लेकीचं परराज्य

प्रश्न : मिस्टरांचं कोइमतूरला गलाईचं दुकान आहे. जूनपासून मुलीला तिकडेच न्यायचंय. चौथीत जाईल; रोज रडते.
– एक आई, विटा

उत्तर : ताई, खानापूर-आटपाडी, खटाव-माणची कितीतरी मुलं सोनं-चांदी गाळणाऱ्या बापामागे अशीच गेली आणि रुळली. रडू द्या, खोटी आमिषं मात्र नकोत. तमिळनाडूत 2006च्या कायद्याने शाळेत तमिळ सक्तीचं केलंय, म्हणून उन्हाळ्यातच अक्षरं गिरवायला घ्या, तुम्हीसुद्धा! तिथल्या गलाई कुटुंबातल्या एखाद्या मोठ्या मुलीशी फोनवर ओळख करून द्या. तिचं ऐकेल, तुमचं नाही. दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा सांगतो. घरात मराठीच बोला. दिवाळीपर्यंत झोप-जेवण सुधारलं नाही, तर समुपदेशकाला भेटा.