मालाच्या गाडीत माणसे नकोत

१८ नोव्हेंबर २०२० ची पहाट. दिवाळी नुकतीच सरली होती. सुरतेची काही माणसे आयशर टेम्पोत बसून पावागडच्या दर्शनाला निघाली होती. वडोदऱ्यात, हमरस्त्यावरच्या वाघोडिया चौकडीपाशी टेम्पो एका ट्रेलरवर आदळला. किमान १० जण दगावले.

वाचून आपण हळहळतो. पण लावणीला आपले मजूर कसे येतात? टेम्पोच्या हौद्यात उभे राहून, नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाय सोडून. मोत माउलीच्या जत्रेलाही काही घरे अशीच निघतात, हे आम्ही पाहिले आहे. हौद्यात ना आसन, ना धरायला काही. धक्का बसला की माणसे एकमेकांवर कोसळतात किंवा बाहेर फेकली जातात.

पैशाची बाजूही शेतकऱ्याने समजून घ्यावी. मालवाहू गाडीच्या विम्यात चालक येतो, मालासोबत निघालेला मालाचा धनी किंवा त्याचा माणूस येतो. फुकट बसवलेले प्रवासी त्यात येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तसा निकाल दिला. म्हणजे शेजाऱ्यावर उपकार म्हणून चार माणसे घेतली आणि घात झाला, तर भरपाई गाडीमालकाच्या अंगावर येते. मग जमीन विकण्याची पाळी यायला वेळ लागत नाही.

आता चालकाविषयी. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. पुढे कायदे बदलले, तरी माणसाचे शरीर तेच आहे. दिवसभर राबलेल्या चालकाला रात्री भाजीची गाडी घेऊन मुंबईला धाडू नये. पहाटे २ ते ६ या वेळात डोळा हटकून लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ३ सेकंदांच्या डुलकीत ५० मीटर पुढे जाते! चहाने झोप थोडी लांबते, टळत नाही. डोळे जड झाले तर गाडी रस्त्याच्या बाहेर सुरक्षित जागी लावून २० मिनिटे झोपू द्यावे. बाजार उशिरा गाठला म्हणून त्याची मजुरी कापू नये. कापली तर पुढच्या खेपेस तो थांबणार नाही.

मजूर आणायचे असतील तर प्रवासी परवान्याची जीप किंवा मिनी बस ठरवावी. एकट्याला भाडे जड जाते, म्हणून तीन-चार शेतकऱ्यांनी लावणीचे दिवस जुळवून ते वाटून घ्यावे.