वावळा आणि करंज यांतील भेद

करंज म्हणून बांधावर लावलेलें रोप मोठें झालें आणि शेंगांऐवजीं त्यावर कागदासारख्या चकत्या लोंबूं लागल्या, तर तें झाड वावळा आहे हें जाणावें. मग तेल व पेंड यांची आशा व्यर्थ जाते; म्हणून दोहोंतील भेद आरंभींच ओळखणें हिताचें.

घोटाळ्याचें मूळ नांवांत आहे. वैद्यकाच्या कित्येक ग्रंथांत वावळ्यास चिरबिल्व व पूतिकरंज अशीं नांवें आहेत. वस्तुतः करंज हा शेंगा येणाऱ्या कुळांतला, तर वावळा युरोपांतील एल्म वृक्षाच्या कुळांतला होय. रॉक्सबर्ग यांनीं १७९८ सालीं त्याचें वर्णन एल्मच्या वंशांतच केलें होतें. १८४८ सालीं प्लांशों यांनीं त्याचा होलोप्टेलिया हा निराळा वंश केला.

पान : करंजाच्या एका देठावर पांच ते नऊ दलें असतात. वावळ्याचें पान साधें, लंबगोल, टोकदार असून फांदीवर एकाआड एक येतें. त्याची कड अखंड असते. मात्र कोवळ्या रोपाच्या पानांस दांते असतात, त्यानें फसूं नये. पान चुरगळून हुंगल्यास उग्र दुर्गंधि येते.

साल : राखी रंगाची; जुन्या झाडावर तिचे खवले सुटतात.

फूल व फळ : आपल्या कोल्हापुराकडे थंडीच्या अखेरीस उघड्या फांद्यांवर हिरवट-पिवळ्या बारीक फुलांचे झुबके येतात. मागाहून सुमारें १ इंच रुंदीचीं चपटीं फळें धरतात. मध्यें एकच बी व भोंवतीं पातळ पंख असतो. वाळल्यावर तीं वाऱ्यानें दूर उडतात. करंजाची शेंग जाड व टणक असते.

निष्पर्ण वावळा वाळला असें समजून त्यावर कुऱ्हाड घालूं नये. डहाळीची साल नखानें खरवडावी. आंत हिरवा थर दिसल्यास झाड जिवंत आहे. याचें लाकूड गाड्यांच्या कामीं व कोळशास येतें. रोपें करणें असल्यास ताजें बी पेरावें. मात्र याच्या परागानें कित्येकांस शिंका व दमा होतो, म्हणून तें घरालगत लावूं नये. ज्यांस पेंड हवी, त्यांनीं करंजाची शेंग स्वतः पाहून, तींतलेंच बी पेरावें.