निरोप कुणापर्यंत पोचला?



प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय घरी काढून वाचावा. पहिल्याच मंडळीत कुरकुर सुरू झाली होती. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा मागे राहत होत्या. प्रेषितांनी कुणाला गप्प बसवले नाही. त्यांनी सर्वांना बोलावले आणि सात माणसे निवडण्याचे काम लोकांवरच सोपवले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत! म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप आले.

आणि आम्ही? मिस्सानंतर सूचना वाचतो आणि सर्वांना कळले असे धरून चालतो. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे तेव्हा देवळात नसतात. व्हॉट्सअॅपवर टाकले तरी साधा फोन असलेल्या आजीला ते कसे दिसणार?

मागच्या वर्षी आपल्यातील एक आजी नऊ दिवस दवाखान्यात होत्या. शेजारच्या दोन घरांना ठाऊक होते. फादरांना कळलेच असेल, असे त्यांना वाटले. आम्ही अभ्यंगाचे पवित्र तेल घेऊन पोचलो तेव्हा उशीर झाला होता. शेजाऱ्यांना दोष कसा द्यावा? दोन रविवार त्यांची जागा रिकामी होती, आम्हीही विचारले नाही.

२०२१ ते २०२४ या काळात पोप फ्रान्सिस यांनी सिनडद्वारे साऱ्या ख्रिस्तसभेला एकमेकांचे ऐकायला सांगितले. आपण आपल्या वस्तीपासून सुरुवात करू. प्रत्येक वस्तीने दोघांना निवडावे, त्यांत एक जण ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला असावा. आजारपण, भांडण, स्थलांतर, काहीही असो, त्यांनी आम्हाला कळवावे; रात्रीसुद्धा. नावे येत्या रविवारी सिस्टरांकडे द्यावीत. आम्ही निवडणार नाही.