विद्युतनिर्मितीसाठी हायड्रोजनमिश्रित इंधन

वीज ही आधुनिक जीवनाची प्राथमिक गरज होय. ती निर्माण करताना वातावरणात मिसळणारा कार्बन डायऑक्साइड कमी कसा करावा, हा प्रश्न आज सर्वच देशांपुढे उभा आहे. हायड्रोजन जळताना हा वायू निर्माण होत नाही; केवळ पाण्याची वाफ होते. म्हणूनच नैसर्गिक वायूत हायड्रोजन मिसळून त्यावर वायू टर्बाइन चालविण्याचे प्रयोग अनेक देशांत हाती घेण्यात आले. त्यांचा अर्थ समजावून घेणे उद्बोधक ठरेल.

टर्बाइनचे कार्य

उरण येथील ६७२ मेगावॉट क्षमतेचे वायू विद्युत केंद्र हे अशा टर्बाइनचे आपल्या परिचयाचे उदाहरण. संपीडकात हवा दाबली जाते, ज्वलनकक्षात तिच्यात इंधन मिसळून ते पेटविले जाते आणि तप्त वायूंच्या झोताने टर्बाइनची पाती फिरून विद्युत जनित्र चालते. बाहेर पडणाऱ्या वायूंच्या उष्णतेवर वाफ तयार करून आणखी वीज मिळविली जाते. यालाच संयुक्त चक्र पद्धती म्हणतात.

हायड्रोजनचा स्वभाव

हायड्रोजनची ज्योत नैसर्गिक वायूच्या ज्योतीपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने पसरते. त्यामुळे ती ज्वलनकक्षातून मागे सरकून ज्वालकापर्यंत पोहोचण्याचा आणि यंत्राची हानी होण्याचा धोका असतो. ज्योतीचे तापमानही अधिक असल्याने हवेतील नायट्रोजनपासून घातक ऑक्साइडे वाढू शकतात. शिवाय हायड्रोजनचा रेणू अतिशय लहान असल्याने तो सूक्ष्म फटींतून निसटतो व काही प्रकारचे पोलाद ठिसूळ करतो. म्हणून ज्वालक, नळ्या, झडपा आणि गळतीसूचक उपकरणे यांचा नव्याने विचार करावा लागतो.

टक्केवारीचा हिशेब

वजनाच्या मानाने हायड्रोजन अत्यंत शक्तिशाली आहे. एका किलोग्रॅममध्ये सुमारे १२० मेगाज्यूल ऊर्जा असते. आकारमानाच्या मानाने मात्र त्याची ऊर्जा नैसर्गिक वायूच्या एक-तृतीयांशाहूनही कमी भरते. परिणामी मिश्रणात आकारमानाने २० टक्के हायड्रोजन घातला, तरी कार्बन डायऑक्साइड केवळ ७ टक्क्यांच्या आसपास घटतो. तो निम्म्यावर आणावयाचा तर हायड्रोजनचे प्रमाण सुमारे ७७ टक्के हवे. मिश्रणाचे आकडे वाचताना ही गोष्ट विसरता कामा नये.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मॅकडोनो-ॲटकिन्सन केंद्रातील मोठ्या टर्बाइनवर २०२२ मध्ये २० टक्के मिश्रणाची चाचणी घेण्यात आली. २०२५ मध्ये याच केंद्रात ५० टक्क्यांपर्यंत मजल गेली व सुमारे २२ टक्के घट नोंदविण्यात आली. लहान यंत्रांनी याहून पुढे पाऊल टाकले आहे. जपानमधील कोबे येथे २०१८ मध्ये, तर फ्रान्समधील सैया-सुर-व्हिएन येथे २०२३ मध्ये केवळ हायड्रोजनवर टर्बाइन चालविण्यात आले.

हायड्रोजन कोठून आणावयाचा?

खरा प्रश्न येथेच आहे. जगातील बराचसा हायड्रोजन आज नैसर्गिक वायूपासूनच तयार होतो. त्याच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो किलोभर हायड्रोजन टर्बाइनमध्ये जाळल्याने वाचतो तो मात्र जेमतेम ७ किलो. असा हायड्रोजन वापरणे म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार होय.

सौर वा पवन विजेने पाण्याचे विद्युत विच्छेदन करून मिळालेला हायड्रोजन स्वच्छ खरा. परंतु एका किलोसाठी सुमारे ५० ते ५५ युनिट वीज खर्ची पडते. उत्तम संयुक्त चक्र केंद्रात त्यापासून परत मिळते ती सुमारे २० युनिट. थेट वापरता येणारी वीज अशा फेऱ्यात घालणे परवडणारे नाही. मात्र दुपारी मागणीहून अधिक निर्माण झालेली सौरवीज या रूपाने साठवून ती ऊन व वारा नसताना वापरणे, हा उपयोग विचारात घेण्याजोगा आहे.

केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली आणि महाराष्ट्राने त्याच वर्षी आपले धोरण स्वीकारले. खत कारखाने व तेलशुद्धीकरण यांना हायड्रोजनवाचून गत्यंतर नाही; तेव्हा स्वच्छ हायड्रोजनवर पहिला हक्क त्यांचा, हे उघड आहे. टर्बाइन त्यासाठी सिद्ध होत आहेत. त्यांत काय जाळावयाचे आणि केव्हा, याचा निर्णय मात्र डोळसपणे घ्यावा लागेल.